भाताचे दोन ढीग

सौंसर,
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
प्रज्ञाचा सविनय जयभीम. वि. वि.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता मी गाडी घेऊन पांढुर्ण्यात आले होते. तुम्ही पोस्टाच्या फाटकाजवळ उभे होतात. मी खिडकीतून हात केला. तुम्ही गाडीवरची पाटी पूर्ण वाचलीत आणि मग पाठ फिरवलीत. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला मान्य आहे, पण हे दिसण्याचं काम होतं आणि तुमचे डोळे चांगले आहेत. फोन तुम्ही घेत नाही. म्हणून पत्र लिहिते. चौतीस वर्षं पोस्टमन असलेला माणूस आलेलं पत्र न वाचता ठेवणार नाही, एवढा माझा अंदाज आहे.

आई म्हणाली की मी नागपूरची बिस्किटांच्या कारखान्यातली नोकरी सोडली याचा तुम्हाला राग नाही. राग आहे तो आत्ताच्या कामाचा. पोरगी फूड टेक्नॉलॉजी शिकली न् लोकाईचं उरलंसुरलं वाहून राहिली, असं तुम्ही तिला बोललात म्हणे. तेव्हा मी नेमकं काय वाहते ते मीच सांगितलेलं बरं.

आमची संस्था लहान आहे. चार माणसं आणि एक गाडी. लग्नात किंवा तेरवीत जे शिजलं पण वाढलं गेलं नाही, ते आम्ही घेतो. प्रतवारीत बाजूला पडलेली, सालीवर डाग असलेली पण आतून चांगली संत्रीही घेतो. हे सगळं दोन ठिकाणी जातं. एक, पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगवर बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांचं पाळणाघर. दुसरं, सौंसरचा निवास. जुन्या वसतिगृहाची इमारत इथल्या गायत्रीताईंच्या दुसऱ्या एका संस्थेनं त्यासाठी घेतली आहे. तिथं नऊ कुटुंबं राहतात, मणिपूरची. दीड वर्षापूर्वी त्यांची घरं जळाली आणि पुढचे काही महिने त्यांनी छावणीत काढले. इथले भूपेंद्रजी फौजेत तिकडे होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओळखीच्या एका कुटुंबाला बोलावून घेतलं आणि त्यामागे बाकीची आली. पुरुष संत्र्याच्या पेट्या भरायला जातात, काही बायका शिवणकाम करतात. पण कमाई अजून बसलेली नाही आणि इथल्या रेशनकार्डाचा पत्ता नाही.

माझं काम तपासणीचं. अन्न साठ अंशांच्या वर गरम हवं आणि शिजल्यापासून चार तासांच्या आत पोचायला हवं. फॉर्मवर अकरा प्रश्न आहेत. एकाचं उत्तर चुकलं तरी ते पातेलं, तो अख्खा गंज, आम्ही उचलत नाही. तुम्ही एकदा येऊन पाहावं.

आईच्या गुडघ्याचं तेल आमच्या गाडीचे ड्रायव्हर राजूभाऊ यांच्याबरोबर पाठवते. तुमचा लोभ या महिन्यात कमी भरतो आहे. तो पूर्वीइतका व्हावा.

तुमची,
प्रज्ञा


पांढुर्णा,
दि. २४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रज्ञास,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं. सौंसरहून इथं यायला त्याला पाच दिवस लागले. मी नोकरीत असतो तर दोन लागले असते.

तुझ्या थर्मामीटरचं वाचलं. आता माझं वाच. तुझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम हे केलं की दारामागं टांगलेली टोपली काढून चुलीत घातली. ती टोपली कशाची होती, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. गावात लग्न असलं की आपल्या बायकांनी ती घेऊन मांडवाबाहेर बसायचं आणि सगळ्या पंगती उठल्यावर जे मिळेल ते घरी आणायचं. त्या दिवसानंतर दुसऱ्याच्या पंगतीतलं आपल्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. मी स्वतः नोकरीभर शेकडो लग्नपत्रिका वाटल्या, बोलावलं तिथं गेलो, पण पाणी पिऊन परत आलो. लोक मला शिष्ट म्हणाले. त्याला माझी हरकत नाही.

तू तीच टोपली चार चाकांवर घेऊन निघालीस. फरक इतकाच की घेणारे आता दुसरे आहेत. त्यांची घरं जळाली म्हणून आपण जे नाकारलं ते त्यांच्यापुढं ठेवायचं, हे मला पटत नाही. अकरा प्रश्न विचारलेस तरी पटत नाही.

गाडी आपल्या गल्लीवरून नेऊ नकोस. तेल मिळालं. थंडीत कान बांधून जात जा.

तुझा,
बाबा


सौंसर,
दि. १ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

गाडी आता पोस्टाकडून नेत नाही, बाजाराकडून नेते. अंतर सातशे मीटर वाढतं.

आजोबांच्या टोपलीचं मी विसरलेले नाही. पण त्या टोपलीत येत होतं ते ताटातलं. मी घेते ते गंजातलं. जे कोणाच्या ताटात गेलं नाही ते उष्टं नाही, एवढीच माझी मांडणी आहे. ती बरोबर असेल तर तुमचा राग माझ्यावर लागू होत नाही. चूक असेल तर कुठं चूक आहे ते सांगा.

निवासात किमनेई नावाच्या बाई आहेत. तिकडे त्या शाळेत गणित शिकवायच्या. हिंदी त्यांनाच नीट येतं, म्हणून सगळ्यांच्या वतीनं अन्न त्या ताब्यात घेतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझा फॉर्म मागून घेतला आणि सही करण्याआधी सगळा वाचला. दुसऱ्या खेपेला मी वेळ लिहिताना दहा मिनिटं चुकले होते, ते त्यांनी दाखवून दिलं. आमची मैत्री आहे असं मी म्हणणार नाही. त्या फारसं बोलत नाहीत आणि मीही बोलत नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी लागली की त्या फाटकाशी उभ्या असतात आणि मी थर्मामीटर त्यांच्याकडे वळवून धरते. त्यांची आई म्हातारी आहे, तिला इथलं तेल सोसत नाही. ती वेगळा भात लावते.

अर्धं अन्न एकाच ठिकाणाहून येतं. वीरेंद्रभाऊ म्हणून आहेत, छिंदवाडा रस्त्यावर त्यांचं लग्नाचं लॉन आहे. माणूस नियमित आहे. त्यांच्याकडचं अन्न सगळ्यांत गरम असतं. मंगळवारी जामसांवलीच्या मारुतीच्या गर्दीत आमची गाडी अडकली तरी त्यांचे गंज तापमानात बसतात.

आईला म्हणावं, स्वेटरची बाही अर्धीच राहू दे, मला तशीच चालते. उत्तर पाठवावं. न पटलेलं उत्तर असलं तरी चालेल.

तुमची,
प्रज्ञा


पांढुर्णा,
८ डिसेंबर

चि. प्रज्ञास,
आईचा जयभीम अन् डोक्यावरून हात.

तुह्ये बाबा लिहीत नाही तं मी लिहून राहिली. मले काई त्याईच्यासारखं लिहिता येत नाही, समजून घेजो. सहा तारखेले आम्ही विहारात गेलो. बाबासाहेबाईच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या. घरी आल्यावर त्याईनं तुह्यं पत्र काढलं अन् चष्मा पुसू पुसू वाचत बसले. मी इचारलं काय पाहून राहिले एवढं, तं म्हणे पोरीचं अक्षर बिघडलं. मले समजते त्याईचं अक्षर पाहणं.

एक सांगतो. लग्न होऊन सदतीस वर्ष झाले, मी पाहून राहिली. भात वाढला का हा माणूस आधी बोटानं साऱ्या ताटात पसरवते, न्याहाळते, मंग खाते. मले वाटे गरम लागत असन. पण थंड्या भातालेबी तसंच करते. इचारलं का म्हणते सवय हाय. त्याईच्या मनात काईतरी जुनं हाय, प्रज्ञा. तू भांडजो, पण जपून भांडजो.

तुह्यी आत्या स्थळ सांगून राहिली. पोरगा विजेच्या खात्यात हाय. तू नाही म्हणशीन हे मी तिले आधीच सांगून टाकलं.

जीव लावते तशीच लावत राहा.

तुही आई,
सुशीला


सौंसर,
दि. १३ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

माझी मांडणी बरोबर होती. ती मी पाळली नाही. काय झालं ते क्रमानं लिहिते.

काल गुरुवारी वीरेंद्रभाऊंच्या लॉनवर लग्न होतं. खेप आमची नव्हती, पण अन्न बरंच आहे असा त्यांचा फोन आला म्हणून गेलो. पावणेतीनला मी तापमान घेतलं. भात चौऱ्याहत्तर अंश, वांगी-आलूची भाजी एकोणऐंशी. भात साडेअकराला शिजला होता. मी फॉर्म भरला, वर शेऱ्यात उत्तम लिहिलं. सव्वातीनला निवासात उतरवून दिलं.

आज सकाळी गेले तेव्हा फाटकाशी आमचे चारही गंज घासून, पुसून, ओळीनं उपडे ठेवलेले होते. किमनेई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक वाटी होती. वाटीत लिंबाची पिळलेली फोड होती आणि पुरीचा तुकडा होता. तुकड्यावर दात दिसत होते. दोन्ही भातातून निघालं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं की यातून आमच्याआधी कोण जेवलं. मग त्यांनी सांगितलं की छावणीत अन्न फार कमी मिळायचं, पण गंज त्यांच्यासमोर उघडायचे. काल मुलं अर्धी जेवली होती. बाकीचं त्यांनी मागच्या वाडीत पुरलं. आता मंगळवारी गाडी आणू नका, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

मी तिथून लॉनवर गेले. वीरेंद्रभाऊ नव्हते, आचारी होता. त्यानं काही लपवलं नाही. बुफेत लोक भाताचे डोंगर घेतात आणि अर्धे टाकतात. ज्या ताटातल्या भाताला हात लागलेला दिसत नाही, तो भात आचारी परत गंजात घालतो आणि चांगली वाफ देतो. जंतू मरतात, हे त्यानं मलाच समजावून सांगितलं. मॅडमला माहीत असेल असं त्याला वाटलं होतं. शेवटी, गरिबाकडंच तर जाते, असंही तो म्हणाला. तो हे चांगल्या भावनेनं म्हणत होता, हे मला जास्त लागलं.

आता माझी चूक. साडेअकराला शिजलेला भात पावणेतीनला बासष्ट-त्रेसष्टवर यायला हवा. चौऱ्याहत्तर दिसला तर तो पुन्हा तापवला आहे, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. गेले दोन महिने त्यांचं अन्न सगळ्यांत गरम असायचं आणि मी त्याचं कौतुक करत होते. माझ्या अकरा प्रश्नांत हा प्रश्नच नाही की हे वाढायला बाहेर जाऊन परत आलं आहे का. मला तो सुचला नाही, कारण मी कधी मांडवाबाहेर बसलेले नाही.

तुम्ही म्हणाला होतात तीच टोपली. दोन महिने मी ती पोचवली. कोणी आजारी पडलं नाही, पण तो मुद्दा नाही, हे आता मला समजतं.

तुमचा लोभ मागायला आज संकोच वाटतो. तरी ठेवावा.

प्रज्ञा


पांढुर्णा,
दि. १८ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. आधी एक कागद लिहिला. त्यात मी सांगितलं नव्हतं का, असं होतं. तो फाडला. आता जे लिहितो ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही. तुला वाटलं तर तिला वाचून दाखव, मला ते जमायचं नाही.

मी आठ वर्षांचा होतो. दोन साल पाऊस नव्हता. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तीही पुरत नसे. तुझे आजोबा नागपूरला मिलमध्ये बदलीच्या कामावर होते आणि महिना झाला तरी आले नव्हते. तिगावला एका मोठ्या घरी लग्न निघालं. आई मला घेऊन गेली. टोपली तर जळालेली, म्हणून तिनं लुगड्याचा धडपा घेतला. आम्ही गोठ्याच्या भिंतीपाशी बसलो. दुपार कलल्यावर कोणीतरी धडप्यात भात ओतला.

घरी आल्यावर तिनं दार लावलं, भात पसरला आणि त्याचे दोन ढीग करायला बसली. एक गंजातला, एक पत्रावळीवरचा. ती पाहून सांगू शकत होती. गंजातला भात ढेपेनं निघतो, कडा साफ असतात. पत्रावळीवरचा मोकळा होतो, त्याला वरणाचा पिवळा रंग लागतो, लिंबाची बी निघते, मिठाचा खडा निघतो. एक ढीग तिनं मला आणि तुझ्या आत्याला वाढला. दुसरा टाकला असेल असं मी समजलो. पाणी प्यायला उठलो, तेव्हा ती चुलीकडं तोंड करून तो दुसरा खात होती.

आजोबा आले. दिवस कसे काढले म्हणून त्यांनी विचारलं. आईनं मिलोच्या कण्यांवर म्हणून सांगितलं. मग मला विचारलं. मीही कण्याच म्हणालो. त्यांनी पाठीवर थाप मारून शाबास म्हटलं. ती शाबासकी मी अठ्ठावन्न वर्षं परत करू शकलो नाही.

तेव्हा तुझ्या गाडीकडं पाठ फिरवली ती तुझ्याकडं नव्हती.

आता कामाचं. तू पोचल्यावर वाटीतली फोड पाहिलीस. पोस्टात रजिस्टर पाकीट शाबूत आहे का, हे आम्ही घेणाऱ्याच्या दारात पाहत नसू. देणारा काउंटरवर उभा असतानाच, त्याच्यासमोर उलटून पाहायचं. एकदा स्वीकारलं की पाकीट फाटल्याचा दोष आपला. तूही तसंच कर. गंज उघडल्यावर देणाऱ्याला म्हणावं, बसा, आपण दोघं आधी यातलं एकेक ताट जेवू. ज्यानं सरळ अन्न दिलंय तो बसेल. ज्याला काही ठाऊक आहे तो बसणार नाही. आणि एखादा दुसऱ्या कारणासाठीही बसणार नाही, ते कारण तुला न सांगता कळेल. त्याचंही अन्न घेऊ नकोस.

भात आधी ताटात पसरून पाहा. यंत्रानं नाही, बोटांनी.

त्या बाईंना खरं सांगितलंस का. सांगितलं नसेल तर सांग.

तुझा,
बाबा


सौंसर,
दि. १६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यावर मी काही लिहिणार नाही, मला ते लिहिता येत नाही. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली की भात पसरवताना ती तुम्हाला टोकायची, ते आता टोकणार नाही.

किमनेईंना मी लॉनवरून परतले त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, आचाऱ्याचं आणि माझ्या शेऱ्यातल्या उत्तमचंही. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि माफी मीही मागितली नाही.

पंधरा डिसेंबरनंतर महिनाभर लग्नं नव्हतीच. त्या काळात निवासाला फक्त संत्री आणि गायत्रीताईंकडचा शिधा गेला. शिधा पुरत नाही. नऊपैकी दोन कुटुंबं गुवाहाटीकडे परत गेली, तिथं काय आहे हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. जाण्याचं कारण मी आहे असं कोणी म्हणालं नाही. मी नाही असंही म्हणालं नाही.

काल लग्नं सुरू झाली. मी तुमची पद्धत घेऊन वीरेंद्रभाऊंकडे गेले. आचाऱ्याबद्दल सांगितलं. त्यांनी त्याला माझ्यासमोर झापलं आणि पुढं असं होणार नाही म्हणून शब्द दिला. मग मी दोन ताटं मांडली आणि त्यांना बसायची विनंती केली. ते हसले. त्यांना ॲसिडिटी आहे. मी म्हटलं, दोन घास पुरे. तेव्हा त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. तीन महिने ते मला प्रज्ञा मॅडम म्हणत होते. मी सांगितलं, प्रज्ञा सुखदेव सोमकुवर. त्यांनी पुन्हा ॲसिडिटीचं सांगितलं आणि एवढ्यातेवढ्यासाठी अन्न वाया जाईल, गरिबांचा तरी विचार करा, असं म्हणाले. राजूभाऊंनी गाडी रिकामीच वळवली. आमचे सचिव माझ्यावर नाराज आहेत. अर्धं अन्न गेलं, हे खरं आहे.

आता अडचण सांगते. किमनेई म्हणतात, देणाऱ्यासमोर तुम्ही जेवता हे ठीक, पण ते आम्हाला दिसत नाही. आमच्या दारातही गाडीबरोबर आलेल्या कोणीतरी आमच्याआधी त्याच गंजातलं ताट जेवावं, मग आम्ही घेऊ. मागणी योग्य आहे. मी दात्याकडे जेवलेली असते, पुन्हा ताटभर जेवले तर तो देखावा होईल आणि त्यांना तो कळेल. राजूभाऊंना शुगर आहे, भात चालत नाही. ज्याला भात पाहून ओळखता येतो असा माणूस हवा. माझ्या माहितीत असा एकच आहे. त्यानं अठ्ठावन्न वर्षांत दुसऱ्याच्या पंगतीतलं खाल्लेलं नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून मी विचारत नाही, फक्त अडचण लिहिते.

रविवारी, २६ तारखेला, जवळच्या खेड्यात रघुनाथराव म्हणून एका संत्रावाल्यांकडे त्यांच्या आईची तेरवी आहे. त्यांचा निरोप आला आहे.

तुम्ही ठेवाल तितकाच लोभ मी गृहीत धरते.

प्रज्ञा


पांढुर्णा,
दि. २१ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञास,
जयभीम.

रविवारी झेंडावंदन करून साडेदहाच्या बसनं निघतो. ताट माझं मी आणतो. मला कोणी भाषण करायला लावू नये. त्या बाईंना सांग की म्हातारा बहिरा आहे, जोरानं बोलला तर रागावला असं समजू नका.

बाबा


सौंसर,
दि. २७ जानेवारी २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

बाबा तुला काही सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

रघुनाथरावांकडे आम्ही एक वाजता पोचलो. दारात दुःख असलेल्या माणसाला जेवायला बसा कसं म्हणायचं, हे मी गाडीत ठरवत होते आणि ठरत नव्हतं. मी नियम सांगितला. ते म्हणाले की सगळी माणसं जेवून गेल्यावरच बसायचं असं त्यांनी ठरवलं होतं, तर आता बसतो. त्यांनी स्वतः सतरंजी ओढली आणि मला शेजारी बसवलं. जेवताना त्यांच्या आईच्या संत्र्याच्या बागेचं सांगत होते. नाव त्यांनी जेवण झाल्यावर विचारलं, रजिस्टरात सही करताना. नाव ऐकून, पाणी पाहिजे का एवढंच म्हणाले.

बाबा त्या सगळ्या वेळात ओट्याखाली गाडीपाशी उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. तू बस, मी इथून पाहतो, म्हणाले. आम्हाला ताटावर बसलेलं त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

निवासात पोचेपर्यंत अडीच झाले. मी थर्मामीटर घातला, भात त्रेसष्ट. किमनेईंकडे वळवून धरला. बाबांनी पिशवीतून ताट काढलं, आपलं ते मोठं, कडेला त्यांचं नाव कोरलेलं. सगळे व्हरांड्यात उभे होते. बाबा जमिनीवर बसले. मी भात वाढला. त्यांनी तो बोटांनी पसरला. तू लिहिलं होतंस तसंच, ताटाच्या कडेपर्यंत. मग दाणा दाणा पाहत गेले. खूप वेळ लागला. किमनेई त्यांच्या बोटांकडे पाहत होत्या, मी बाबांच्या चेहऱ्याकडे. त्यांनी काहीही बाजूला काढलं नाही. दुसरा ढीग झालाच नाही. मग सगळा भात पुन्हा मधे ओढून घेतला आणि वरण मागितलं.

पहिला घास त्यांच्या हातात थोडा थांबला. मला वाटलं, ठेवून देतील. मग खाल्ला. त्यानंतर ते नेहमीसारखे जेवले आणि भाजीत मीठ कमी आहे असं सगळ्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. किमनेई आत गेल्या. त्या परत आल्या त्या मीठ आणि स्वतःचं ताट घेऊन, आणि बाबांच्या समोर बसल्या. मग बाकीचे बसले. सगळे नाही. एक कुटुंब खोलीतच राहिलं, आणि किमनेईंच्या आईनं स्वतः वेगळा लावलेला भात खाल्ला. ते ठीक आहे.

हे पुढं चालेल असं मी लिहीत नाही. एका तेरवीच्या अन्नावर सात कुटुंबांचा आठवडा निघत नाही. पुढच्या शुक्रवारचं अजून काही ठरलेलं नाही, आणि सचिवांनी मला बुधवारी बोलावलं आहे. फॉर्मवर मी बारावा प्रश्न टाकला आहे, देणाऱ्याकडे पहिलं ताट कोणी जेवलं आणि घेणाऱ्याकडे कोणी. कालच्या फॉर्मवर तिथं दोन नावं आहेत. दुसरं बाबांनी स्वतः लिहिलं, पत्त्यासारखं ठळक. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला, शाबूत.

बसस्टँडवर मी चहा विचारला. तेरवीच्या जेवणावर चहा नको म्हणाले. बस सुटताना मला आठवलं की ताट निवासातच राहिलं, ते किमनेईंनी बाकीच्या ताटांबरोबर घासायला नेलं होतं. मी खिडकीशी जाऊन हातानं खूण केली की धावत जाऊन घेऊन येते. त्यांना खूण समजली. राहू दे, ते मोठ्यानं म्हणाले, पुढच्या रविवारी लागेल.

तेव्हा घरात एक ताट कमी भरेल, शोधू नकोस. तुझा जीव आहे तिथंच असू दे, मला तो इथून दिसतो.

तुझी,
प्रज्ञा